कर्करोग बरा झाला, पुढे काय?

कर्करोगासंबंधी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचे विषय सामान्यतः दोन असतात. रोग कशाने होतो हा एक, आणि वेळीच उमगला तर तो बरा होतो हा दुसरा. गडचिरोली-चंद्रपूरच्या खर्ऱ्याच्या मुलखात हे दोन्ही विषय कितीही वेळा मांडले तरी ते अधिक होणार नाहीत. परंतु त्यांच्या पलीकडे तिसरा एक विषय आहे आणि त्याकडे पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. रोगी बरा होतो, रुग्णालय त्यास घरी पाठविते, पाच वर्षे उलटतात, गाठ परत येत नाही. सरकारी दप्तरात तो यशाच्या रकान्यात जातो. आणि ह्या यशस्वी माणसाचे तोंड बोटभरही उघडत नाही, एक हात खांद्याच्या वर जात नाही, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट घ्यावा लागतो. उपचाराने त्याचा जीव वाचविला हे खरे. त्या बदल्यात उपचाराने जे घेतले, त्याचा हप्ता तो आमरण भरीत राहतो. हा हप्ता कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच अर्थशास्त्राचा आहे. तेव्हा अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने ह्या विषयात तोंड घालण्याचे धाडस केले, तर वाचकांनी ते क्षम्य मानावे.

धानोरा तालुक्यात राहणाऱ्यास ह्या विषयाची ओळख करून घेण्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही. सकाळपासून पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटण्याचा आवाज सुरू असतो. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. खर्ऱ्याला कारखाना लागत नाही, म्हणून तो टिकला. ह्याच तालुक्यात चातगावजवळ डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेचे शोधग्राम आहे, आणि दारू-तंबाखूविरुद्धचे 'मुक्तिपथ' अभियान २०१६ पासून जिल्ह्यात सुरू झाले. रोग टाळण्याची बाजू लढविणारे लोक आहेत. ज्यांच्या बाबतीत ती वेळ टळून गेली आणि तरीही जे वाचले, त्यांच्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

सुपारीचा गुण तंबाखूहून निराळा आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीसही कर्करोगकारक ठरविले. परंतु कर्करोग होण्यापूर्वीच ती गालाच्या आतले मऊ अस्तर ताठ करीत आणते; आत दोऱ्यांसारखे तंतू धरतात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. अनेक वर्षे खर्रा खाणाऱ्याने हा प्रयोग आरशासमोर करून पाहावा. म्हणजे आमच्याकडचा रोगी पुष्कळदा अर्धे मिटलेले तोंड घेऊनच शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. तेथे गालाचा वा जबड्याचा भाग काढला जातो, मानेतील गाठी काढल्या जातात, छातीच्या किंवा मांडीच्या मांसाचे ठिगळ लावले जाते आणि वर सहा-सात आठवडे किरणोपचार होतात. ह्या प्रत्येक पायरीला जबड्याचे स्नायू आणखी आखडतात. आणि हे आखडणे किरणोपचार संपल्यावर थांबत नाही. ते कित्येक महिने, कधी काही वर्षेही वाढतच राहते.

ह्यावरचा उपाय काय असावा? आइस्क्रीम खाताना ज्या चपट्या लाकडी काड्या मिळतात, त्यांची चळत दातांमध्ये सरकवून ठेवावयाची, दिवसातून अनेक वेळा, आणि जमेल तशी आणखी एकेक काडी वाढवीत जावयाची. काड्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागतो तो दाखविणारा माणूस, आणि पहिल्या काही महिन्यांत दर पंधरवड्याला रोग्याचे तोंड मोजून, दुखते म्हणून त्याने व्यायाम सोडला असेल तर त्याची समजूत घालणारा माणूस. हा माणूस धानोऱ्यास नाही. तो २०० किलोमीटरांहून अधिक दूर नागपुरास आहे, आणि तेथेही त्याच्या दाराशी रांग आहे.

लाळेचे तसेच. निरोगी शरीर दिवसाला सुमारे एक लिटर लाळ तयार करते, आणि तिचे मोल ती आटल्यावरच कळते. कोरडा भात घशात अडकतो, तिखट जिभेला सोसत नाही, रात्री पाण्यासाठी तीन-चार वेळा उठावे लागते, दात वेगाने किडतात. ह्यांपैकी काही नुकसान टाळता येते. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जुन्या पद्धतीने किरणोपचार घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रोग्यांची कोरड वर्षभरानंतरही त्रासदायक होती. लालाग्रंथी वाचवून किरण देणाऱ्या नव्या पद्धतीत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. कोणत्या यंत्रावर आपली पाळी लागते, ह्यावर पुढची वीस वर्षे भात कसा गिळावयाचा हे ठरते. दातांचे प्रकरण त्याहून धोक्याचे. ज्या जबड्यावर किरण पडले आहेत, त्यातला दात नंतर कधीही उपटला तर जखम न भरता हाड कुजण्याची भीती असते. म्हणून वाईट दात किरणोपचारापूर्वीच काढून टाकावयाचे असतात. हे ज्यास कोणी सांगितले नाही, असा मनुष्य सहा वर्षांनी दाढ दुखते म्हणून सरळ दंतवैद्याकडे जातो आणि आपल्या जुन्या आजाराचा तेथे उल्लेखही करीत नाही. मानेवरच्या किरणांनी थायरॉइड ग्रंथी मंदावते तीही अशीच चोरपावलांनी. माणूस सुस्त होतो, अंगाला सूज येते, थंडी सोसवत नाही, आणि घरचे म्हणतात, आजारपणापासून ह्याला कामाची हौस राहिली नाही. एका साध्या रक्ततपासणीने आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने जो आळस जातो, तो आपण स्वभावाच्या खात्यावर लिहितो.

माझ्या परिचयाचे एक कास्तकार आहेत. त्यांच्या गालाची आणि जबड्याची शस्त्रक्रिया होऊन सहा वर्षे झाली. रोगाचा मागमूस नाही. आजारापूर्वी पंचक्रोशीतील प्रत्येक लग्नात ते वाढप्यांवर देखरेख करीत. आता ते पंगतीला बसत नाहीत, कारण घास तोंडातून ओघळतो आणि समोरचा माणूस नजर वळवितो. त्यांची पत्नी रोज दोन्ही वेळा त्यांचा भात आणि भाजी वेगळी शिजवून, घोटून, पातळ करून देते. ह्या कामास दिवसाचे दोन तास लागतात असे धरले, तर सहा वर्षांत चार हजारांहून अधिक तास झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात हे तास नाहीत. कर्करोगावर सरकारने किती खर्च केला हे विधिमंडळात विचारता येते; त्या बाईने किती केला, हे विचारण्याची सोय कोठे आहे?

मोठ्यांचीही ह्यातून सुटका नसते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. श्री. शरद पवार ह्यांच्यावर २००४ मध्ये मुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. दात काढावे लागले, तोंड उघडणे, गिळणे, बोलणे अवघड झाले, हे त्यांनी पुढे जाहीर सभेत स्वतः सांगितले, आणि त्याच तोंडाने ते भाषणेही करीत राहिले. गडचिरोलीचे पालकमंत्री राहिलेले आर. आर. पाटील मात्र त्याच रोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकास ह्या संदर्भात तिसरेच एक नाव आठवते, ते अमर्त्य सेन ह्यांचे. कलकत्त्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, १९५२ मध्ये, त्यांच्या टाळूत कर्करोग निघाला आणि त्यावर किरणांची जबर मात्रा देण्यात आली. रोग गेला, पण त्या किरणांनी टाळूच्या हाडांची जी हानी केली, तिच्यासाठी सुमारे दोन दशकांनंतर इंग्लंडमध्ये त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९९८ मध्ये. त्यांच्या आजाराचा आणि त्यांच्या सिद्धांताचा संबंध जोडणे हा उथळपणा होईल, तो मी करीत नाही. परंतु तो सिद्धांत आपल्या विषयास चपखल लागू पडतो. सेन ह्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, दोन माणसांच्या हाती सारखेच पैसे आले म्हणून ती सारखी सुखी होत नाहीत. त्या पैशाचे प्रत्यक्ष जगण्यात रूपांतर करण्याची शक्ती त्यांच्यापाशी किती आहे हे पाहावे लागते. अपंगत्वाचा घाव दुहेरी असतो. एकीकडे कमाई घटते, आणि दुसरीकडे त्या घटलेल्या कमाईतून तेवढेच जगणे विकत घेण्यास अधिक पैसे लागतात. दारिद्र्यरेषा आखणारे पहिला घाव कसाबसा मोजतात. दुसरा मोजतच नाहीत.

पहिला घाव आमच्या भागात किती स्पष्ट दिसतो, ते पाहा. मानेतील गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला इजा झाली, किंवा ती नुसती ताणली गेली, तरी हात खांद्याच्या वर नेणे कठीण होते आणि खांदा सतत दुखतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी केलेली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक नामांकित चाचणी आहे. मुखाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असतानाच मानेतील गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रोगी जिवंत राहतात; गाठी दिसू लागेपर्यंत थांबले तर ६७.५ टक्के, असे तीत आढळले. शंभरांमागे बारा-तेरा जीव वाचविणारा हा शोध आहे आणि त्याचे मोल वादातीत आहे. त्याचाच अर्थ असा की, मानेची शस्त्रक्रिया झालेली अधिक माणसे आता आपल्यामध्ये अधिक वर्षे वावरणार आहेत. शहरातील कारकुनाचा खांदा दुखला तर त्याचा पगार कमी होत नाही. आमच्याकडे मजुरी मोजून मिळते. बांबू तोडून खांद्यावरून आणावयाचा, आणि जितका आणला तितके पैसे. तेंदूपत्ता सत्तर पानांच्या पुड्याने मोजतात. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने तोडली, जुळविली आणि बांधली तर शेकड्याचा दर पदरात पडतो. धानाचे भारे डोक्यावरून खळ्यावर न्यावयाचे असतात. अशा व्यवस्थेत अर्ध्या खांद्याची मजुरी अर्धी होते, आणि ही कपात इतक्या आपोआप होते की ती कोणी केली असे म्हणताही येत नाही.

स्त्रियांच्या वाट्याचे भोग आणखी झाकलेले असतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्या की हातातील लसिकेचा निचरा मंदावतो आणि हात सुजू शकतो. अशा हाताला लहानशी जखमही चिघळते, म्हणून त्याला ओरखडा लागू देऊ नये असे डॉक्टर सांगतात. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईने हे कसे पाळावे, हे त्यांनी सांगितलेले नसते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणांनी मूत्राशयाला आणि आतड्यांना जे होते, आणि पतिपत्नीच्या संबंधाला जे होते, त्याविषयी ती आपल्या सख्ख्या बहिणीजवळही बोलत नाही. आशा कार्यकर्तीने आपणहून विचारले तर कदाचित बोलेल. विचारावयाचे असते हे आशेला कोणी शिकविले आहे काय?

शासनाने काहीच केले नाही, असा ह्या लेखाचा सूर नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव मिळाले, आणि कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ह्या योजनेमुळे शेत न विकता शस्त्रक्रिया झालेली माणसे आज प्रत्येक तालुक्यात आहेत. परंतु योजनेचा सारा सांगाडा रुग्णालयातील मुक्कामाभोवती उभा आहे. शस्त्रक्रियेचे मोल ठरलेले, किरणोपचाराचे ठरलेले, औषधाच्या आवर्तनाचे ठरलेले. पाठपुराव्याच्या काही सेवाही तिच्या यादीत घातलेल्या आहेत; पण त्यांच्यासाठी रोग्याने मोठ्या रुग्णालयातच गेले पाहिजे. एस. टी.त आणि रेल्वेत कर्करुग्णास सवलत आहे. धानोऱ्याला रेल्वे नाही, आणि एस. टी.चे तिकीट स्वस्त झाले तरी दोन दिवसांची दोघांची बुडालेली मजुरी कोण देणार? खांद्याच्या व्यायामासाठी मनुष्य नागपुरास एकदा जाईल, दोनदा जाईल. तिसऱ्यांदा तो जात नाही, आणि रुग्णालयाच्या वहीत शेरा पडतो की रोगी पाठपुराव्यास आला नाही.

मग अपंगत्वाच्या सवलती तरी मिळाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. स्वरयंत्र काढल्यामुळे वाचा गेली असेल तर तिचा उल्लेख कायद्यात आहे, हे स्वागतार्ह आहे. खांद्याचे दुबळेपण हालचालीच्या अपंगत्वात बसविता येईल, पण बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे आणि एकटा खांदा तेथपर्यंत पोचेलच असे नाही. खाणे आणि गिळणे ह्या क्रिया मात्र त्या २१ प्रकारांत कोठेच नाहीत. बोलणे गेले तर ते कायद्याला दिसते. जेवणे गेले तर दिसत नाही. ज्या देशात सुपारी-तंबाखूने लाखोंची तोंडे निकामी होतात, त्या देशाच्या कायद्यात ही फट राहावी ह्याचे आश्चर्य वाटते. १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यास स्थान आहे, आणि २०२३ मध्ये ते अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तेथे दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यावर जगणारे कुटुंब खरोखर असेल तर त्याचा प्रश्न कर्करोगाच्याही आधीचा आहे. शिवाय ही योजना माणसास पूर्ण निराधार मानते किंवा पूर्ण सक्षम. मधला अर्धामुर्धा माणूस, जो काम करू शकतो पण पूर्वीइतके नाही, तो तिच्या नियमांना ठाऊकच नाही. आणि बरे झालेल्यांपैकी बहुतेक लोक नेमके ह्या मधल्या पट्ट्यातले असतात.

अमेरिकेत २००५ मध्ये तेथील वैद्यक संस्थेने, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने, ह्याच विषयावर एक अहवाल काढला. उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रोग्याच्या हाती एक लेखी आराखडा द्यावा, अशी त्याची मुख्य शिफारस होती: कोणते उपचार झाले, किरण कोठे व किती दिले, पुढे काय होऊ शकेल, कोणती तपासणी केव्हा करावी. श्रीमंत देशातही तिची अंमलबजावणी रखडतच झाली. तरी हा कागद आमच्या परिस्थितीला त्यांच्यापेक्षा अधिक आवश्यक आहे, कारण तेथे संगणकावर जे सापडते ते आमच्या रोग्याच्या पिशवीतच असावे लागते. आज त्याच्या पिशवीत इंग्रजीतील डिस्चार्ज कार्ड असते. ते त्याला वाचता येत नाही, आणि पुष्कळदा ग्रामीण रुग्णालयातील तरुण डॉक्टरलाही त्यावरून पुढे काय करावे हे कळत नाही. मराठीत एक पान, आणि आमच्या गावांसाठी गोंडीत समजावून सांगणारी एक व्यक्ती, ह्यास किती खर्च येईल?

येथे काही वाचक म्हणतील की, जेथे साधी तपासणी आणि निदानही वेळेवर होत नाही, तेथे बरे झालेल्यांचे चोचले कशाला? पैसा मर्यादित आहे, तो आधी प्रतिबंधावर आणि उपचारावर जावा. युक्तिवाद गंभीर आहे. ह्या रोग्यावर आधीच लाखो रुपये खर्च झाले म्हणून आणखी खर्चा, असे उत्तर मी देणार नाही. बुडीत खर्चाच्या नावाने नवा खर्च मागणे हे वाईट अर्थशास्त्र आहे. माझे उत्तर पुढच्या रुपयाविषयी आहे. तो रुपया मोठ्या रुग्णालयात आणखी एका यंत्रावर पडला तर किती फळ देईल, आणि धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञावर पडला तर किती? काड्यांची चळत, खांद्याचे व्यायाम, सुजलेल्या हाताला पट्टी कशी बांधावी, गिळताना मान कशी धरावी, वर्षातून एक-दोनदा थायरॉइडची तपासणी. ह्यांत महाग असे काही नाही. गडचिरोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयात दर आठवड्याला एक 'कर्कोत्तर' बाह्यरुग्ण विभाग ठेवून तेथून तालुक्यांच्या फेऱ्या आखता येतील. प्रतिबंधाशी तर ह्याचे वैर नाहीच. तोंड न उघडणारा माणूस गावात आपल्या तोंडाने जे सांगेल, ते कोणत्याही भित्तिपत्रकाहून अधिक ऐकले जाईल, अर्थात त्याला पंगतीतून उठविले नाही तर.

कामाचा प्रश्न मात्र आरोग्यखात्याने सुटणारा नाही. त्यासाठी ह्याच तालुक्याच्या अनुभवाकडे वळावे लागते. धानोऱ्याच्या शेजारच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २०११ मध्ये आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा परवाना त्याच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांकडे बांबू आणि तेंदूचा व्यवहार आला. म्हणजे कोणते काम कोणी करावयाचे आणि त्याचा दर काय, हे ठरविणे आता काही अंशी गावाच्या हाती आहे. जंगलात सारीच कामे खांद्याची नसतात. तेंदूच्या फळीवर पुडे मोजून घेणे, ते उलटविणे, नोंदवही लिहिणे, वाळत घातलेल्या पानांची राखण करणे. बांबूच्या साठ्यावर हिशेब ठेवणे. ही कामे आज बहुधा धडधाकट तरुणांकडे जातात, आणि ज्यास खांदा नाही तो घरी बसतो. ही कामे आधी त्याला विचारावीत आणि नंतर इतरांना, एवढा एक ठराव करण्यास ग्रामसभेला मुंबईची वा दिल्लीची मंजुरी लागत नाही. तेंदूचा हंगाम मे महिन्यात येतो. त्याचे नियोजन त्याच्या कितीतरी आधी, थंडी सरता सरता, ग्रामसभांतून सुरू होते.